हलेल ते वाकेल

गणपती जवळ आले की आमच्या भांडुपच्या मूर्तींच्या कारखान्यात एकच काम मागे उरतं, डोळ्यांची आखणी. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. पितांबर, दागिने कुणीही रंगवतं, डोळे मात्र बाबाच काढतात. एकदा काढलेला डोळा पुसायचा नाही, असा आमच्याकडे दंडक. त्या वर्षी सगळ्या मूर्ती रंगून तयार होत्या आणि एकीलाही डोळे नव्हते. "हवा दमट हा, रंग सुकत नाय," बाबा म्हणायचे. मला ते पटलंही. तरी त्या रांगेतून जाताना मान वर करायला नको वाटायचं.

मला तेव्हा वेगळंच खूळ लागलं होतं. अंधेरीत एडिटिंगची नोकरी, आणि फावल्या वेळात एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. मोबाइल स्टँडला लावून भराभर फोटो काढायचे. स्क्रिप्ट प्रत्येक फोटोतून एक बारीक आडवी पट्टी उचलते, पहिल्यातून सगळ्यात वरची, पुढच्यातून तिच्या खालची. पट्ट्या जोडून एक चित्र होतं. मग एक फोटो सोडून पुढच्यापासून तसंच दुसरं चित्र, आणि अशी चित्रं पळवली की ॲनिमेशन. जे स्थिर, ते जसंच्या तसं. जे हललं, ते वाकडं.

पहिला प्रयोग आईवर. भाकऱ्या थापणारी आई चकलीसारखी पिळून निघाली. "झकास. माझी पुरती वाट लावलीस," ती म्हणाली.

आता एक स्थिर माणूस हवा होता. शेडमध्ये बाबांना मूर्तींपुढे स्टुलावर बसवलं. "बाबा, अजिबात हलू नका हं."

"मूर्तीसारखो बसतंय गो."

उजवा हात त्यांनी मांडीखाली सरकवला होता. "तो हात का दडवलाय? गुडघ्यावर ठेवा ना," मी म्हटलं. ते जरा थांबले, मग ठेवला.

घरी येऊन ॲनिमेशन काढलं. मूर्ती जशाच्या तशा. बाबांचा चेहरा, खांदे सरळ. फक्त उजव्या मनगटाखाली बोटं वळवळत होती. माझा पहिला संशय नेहमी कोडवर आणि राग लॅपटॉपवर. फोटोंचा क्रम तपासला, पट्टीची जाडी बदलली, पुन्हा चालवलं. वळवळ तिथेच. शेजारचा डावा हात, त्याच पट्ट्यांमधला, दगडासारखा. कोड चुकला असता तर तोही वाकला असता.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन शेडमध्ये गेले. बाबांनी चष्मा लावून ते परत परत पाहिलं.

"मूर्ती एक तरी हलली?"

"नाही."

"मगे माझोच हात." लॅपटॉप मिटत म्हणाले, "माका म्हायत हा. कोणाक दिसाचा नाय, असा वाटला होता."

"डॉक्टरकडे जाऊया, बाबा."

"डोळे झाले की."

त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि आमच्या घरच्या लहान मूर्तीपुढे बसले. "मनगट धर," म्हणाले. मी दोन्ही हातांनी धरलं. थरथर माझ्या बोटांत आली, मग कोपरापर्यंत चढली. ब्रशचं टोक कोऱ्या डोळ्याजवळ गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं.

"घट्ट धर गो," बाबा म्हणाले.

मी घट्टच धरलं होतं.