आकारामच्या डोक्यातली बाई

मलकापूरच्या अंजनाला सवत होती, आणि ती कुणालाच दिसत नव्हती.

अंजनाचा नवरा आकाराम पलटणीत शिपाई होता. इटलीच्या लढाईतून त्याला पंचेचाळीस साली घरी धाडलं, तेव्हा त्याच्या अंगावर एकही जखम नव्हती. उसाला पाणी पाजायचा, बैलांना वैरण टाकायचा. पण महिन्याभरानं अंजनाच्या कानावर आलं ते वेगळंच. गोठ्यात पाठमोरा बसून तो हलक्या आवाजात म्हणत होता, "जेवलीस का? थकल्यागत दिसतीस." मग कुणाचं तरी ऐकल्यासारखा थांबला आणि हसला.

अंजनाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिला हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

गोठ्याच्या भिंतीपलीकडे राहीबाई नावाची विधवा राहायची. अंजनानं तिच्यावर संशय घेतला, ताक देणं बंद केलं, पाणवठ्यावर पाठ फिरवली. चार दिवसांनी राहीबाई माहेरी गेली, तरी गोठ्यातलं बोलणं चालूच. मग अंजनानं नवऱ्याची पलटणीतली पत्र्याची पेटी उपसली. एखादी गोरी बाई असेल, तिचा फोटो सापडेल, असं तिला वाटलं. निघालं काय, तर मोजे आणि दाढीचं सामान. फोटो सापडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. फाडता तरी आला असता.

पुढं आकाराम रानात काम टाकून तासन् तास बोलू लागला. कधी कानांवर हात दाबून ओरडायचा. पलटणीतला त्याचा सोबती, कुपवाडचा नाथाजी, भेटायला आला तेव्हा अंजनानं त्याला सरळ विचारलं, तिकडं ह्यांची कोण बाई होती.

"वैनी, बाई-बीई कोण न्हवती," नाथाजी म्हणाला. "तंबूत एकलाच बोलायचा. म्हनून तर घरी धाडला त्याला."

त्यानंच दोघांना सांगलीकडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर अशा माणसांच्या डोक्याचे एक्स-रे जमवत होते. हा आजार मेंदूत कुठं दिसतो का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की, मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि तेवढीच हवा भरायची. ती हवा डोक्यात चढली की मेंदूतल्या पोकळ्या फोटोत उमटतात. डोकं भयंकर दुखेल, आणि यानं आजार बरा होणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आकाराम मान हलवून तयार झाला. अंजनाचं पुढचं ऐकण्याकडे लक्षच नव्हतं. डोक्यात जे असेल ते फोटोत येणार, एवढंच तिनं धरलं आणि अंगठा उठवला.

आकारामला खुर्चीत बसवून पट्ट्यांनी बांधलं. हवा चढत गेली तसा तो घामानं भिजला, ओकला. पुढचे दोन दिवस त्याला उशीवरून मान उचलवेना. त्या दोन दिवसांत तो त्या बाईशी एक अक्षर बोलला नाही. अंजनाचा हात तेवढा घट्ट धरून होता. तो कण्हत होता आणि अंजनाच्या मनात गोड वाटत होतं. त्याचं दुखणं आणखी एक दिवस राहावं, असंही मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटून ती पाणी आणायला उठली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रेची काच उजेडासमोर धरली. पांढऱ्या कवटीत मधोमध काळे डाग होते, पाखरानं पंख पसरावेत तसे.

"ही पोकळी याची थोडी मोठी दिसते," ते म्हणाले. "अशी का, ते मला अजून माहीत नाही."

अंजनानं काच वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. "आन् ती बाई कुठं हाय?"

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, ती फोटोत येत नाही. त्यांना मात्र ती खरोखर ऐकू येते. ते सोंग करत नाहीत."

हे ऐकून तिचं दुःख कमी झालं नाही. हाडामासाची असती तर झिंज्या धरून बाहेर काढली असती. ही त्याच्या डोक्यातच संसार मांडून बसली होती, जिथं अंजनाला कधी जाता आलं नव्हतं.

घरी परतल्यावर आठवड्यातच बोलणं पुन्हा सुरू झालं. उसाची लागण चालू होती. अंजना भाकरी घेऊन रानात गेली, तर तो बांधावर पुटपुटत बसलेला. आजवर ती अशा वेळी मागं फिरायची. त्या दिवशी शेजारी जाऊन बसली आणि विचारलं, "आवं, काय सांगत हुता तिला?"

तो गडबडला. मग म्हणाला, "म्हनलं, अंजी आलीया. आता जरा गप ऱ्हा."

अंजनानं भाकरीचं फडकं सोडलं. त्याच्या पोटात चार घास जाईस्तोवर ती तिथंच बसून राहिली. राहीबाई माहेराहून परतल्यावर अंजनानं आपणहून ताक नेऊन दिलं, आणि तिला हे सांगताना तिचे डोळे भरून आले. पण लगेच ती फणकाऱ्यानं म्हणाली, "गप ऱ्हा म्हनून सांगितलं खरं. पर लय गोडीत सांगितलं गं."