गादीत हात घालणारा ग्रेडर

आमचा बुढा, माहा नवरा वामनराव, दिग्रसच्या जिनिंगात उभी हयात ग्रेडर होता. म्हणजे कास्तकारानं गाडीत आणलेला कापूस पाहाचा अन् चांगला का टाकाऊ ते सांगाचं. कास्तकार त्याले मागून काय काय नावं ठेवत, ते मी आपल्या तोंडानं सांगत नाही. वर पांढराशुभ्र माल अन् खाली ओला दाबून आणला, का मेला तो माणूस! बुढा गाडीवर चढे, कोपरापर्यंत हात खुपसे, बुडातून मूठभर कापूस ओढे, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणून पाहे अन् म्हणे, "वाळवून आणा." घरी बी तेच. लग्नानंतर पहिल्यांदा माह्या माहेरी आला तं रात्री निजाच्या आधी उशी उसवून पाह्यली. माय माही तोंडाले पदर लावून बसली, बाप म्हणे, जावई हुशार हाय. हुशार कायचा, खोडीलच!

म्हातारपणी त्याच्या डोक्यातलं एकेक पुसत गेलं. आधी रस्ते गेले, मंग पोराचं नाव गेलं, मंग माहं. अशात मी मोरीत घसरली अन् खुब्याचं हाड मोडलं. पोरगा पुण्याले. मंग कळंब रोडवर अशा विसरलेल्या माणसांले ठेवून घेतात, त्या आश्रमात त्याले ठेवलं. त्या दिवशी मी लय रडली, खोटं कायले सांगू.

थोड्याच दिवसांत तिथल्या व्यवस्थापकाचा, किसनरावांचा फोन आला. "काकू, वामनराव लोकांच्या अंगावर जातात. बाजूच्या खाटेवरच्या हिरासिंगच्या संगं झटापट झाली. डॉक्टरनं शांत राह्याची गोळी चालू केली." किसनराव माणूस वाईट नाही, पण भित्रा. एवढे म्हातारे अन् पाहाले दोन बाया, त्याचं तरी काय चुकते?

अन् झाला ना बुढा शांत! मी एस्टीनं हाडं खिळखिळी करून भेटाले जावो, तं हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. गालावर लाळ, हात ताठ. चालताना पाय घासे, एकदा पडला बी. किसनराव खुशीत सांगे, "आता काहीच त्रास नाही, काकू." मनात आलं, मुडद्याचा बी नसते त्रास. पण बोलली नाही. त्यानं बुढ्याले काढून देल्लं, तं या मोडक्या खुब्यानं मी कशी सांभाळू? मले माणूस जागा पाह्यजे होता, अन् तिथंच राह्यलेला पाह्यजे होता. दोन्ही एका वेळी मागाचं तं मले भेव वाटे.

यंदा यवतमाळहून नवीन डॉक्टर येऊन राह्यली, सुरभी नावाची. दिसाले एवढीशी पोर, पण उलटतपासणी अशी घेते का वकील परवडला. तिनं किसनरावाले विचारलं, "गोळी कायसाठी चालू केली?"

"अंगावर जात होते म्हणून."

"अंगावर जात होते म्हणजे नेमकं काय करत होते?"

बाजूच्या खाटेवरून हिरासिंगच बोलले. तांड्यातले जुने कास्तकार, गुडघे गेले पण डोकं शाबूत. "मी दुपारी पडलो होतो. हा आला अन् माह्या गादीत हात घालून कापूस ओढून राह्यला. मले वाटलं, चोरी करून राह्यला. मीच लोटलं त्याले आधी."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अवो बाई, तो माल पाहून राह्यला होता!"

सगळे हसले, डॉक्टर सोडून. तिनं विचारलं, दुपारीच काहून? म्हटलं, जिनिंगात गाड्या दुपारीच लागत. मंग तिनं समजावून सांगितलं. गेलेली आठवण वापस येणार नाही. पण या गोळीनं माणूस जास्तच मिटून राह्यला, ते हळूहळू कमी करू. एकदम बंद नाही कराची, लक्ष ठेवाचं, अन् दुपारच्या वेळी त्याच्या हाताले खरा कापूस द्याचा. किसनराव मान हलवून म्हणाला, "चालते. पण पुन्हा झटापट झाली तं काकू, तुम्ही यायले घरी घेऊन जा."

गोळी कमी होत गेली तसा बुढा डोळे उघडू लागला. चिडू बी लागला. एका दुपारी मी तिथंच होती, कापूस अजून कोणी आणला नव्हता. बुढा उठला, भिंतीले धरत धरत हिरासिंगच्या खाटेपाशी गेला अन् घातला गादीत हात. किसनराव पळत आला. मी देवाचं नाव घेतलं.

हिरासिंगनं डोळे उघडले, पाय बाजूले घेतला अन् म्हणे, "पाहा साहेब, बुडातून पाहा. आपला माल खरा हाय."

बुढ्यानं धागा ताणला. "वाळवून आणा."

"काहून? वाळलेला तं हाय! डोळे फुटले का तुमचे?"

मंग जे भांडण जुंपलं! दोघं बी बेंबीच्या देठापासून ओरडून राह्यले, पण हात कोणाचाच उठला नाही. किसनराव मधी उभा, कोणाले धरावं ते समजेना. शेवटी कपाळाचा घाम पुसून माह्याजवळ आला. "राहू द्या काकू, इथंच राहू द्या."

पुढच्या खेपेले मी भावाच्या वावरातला कापूस गाठोड्यात बांधून नेला. बुढा ओसरीतल्या बाकावर बसला होता. वाळला होता, पण मान ताठ. गाठोड्यात हात घातला, कापूस पाह्यला, मंग माह्याकडे पाह्यलं.

"बाई, एकट्याच आल्या? तुमचे मालक कुठी हायेत?"

मले रडू आलं. पण तो माह्याच तोंडाकडे पाहून जवाबाची वाट पाहून राह्यला होता, भिंतीकडे नाही.

"लय दिवस झोपून होते," मी म्हटलं. "आता उठले."

"बरं झालं," बुढा म्हणाला, अन् बाकावर सरकून मले जागा देल्ली.