अंड्यांच्या गाडीचा हात

वीस वर्षं अंड्यांची गाडी हाकणाऱ्या वहिनीने भंगारातली मोटार घेऊन हौशी शर्यतीत नाव दिलं, तेव्हा गॅरेजवाल्या दिराने कपाळाला हात लावला.

"आजवर सगळे हॉर्न वाजवून माझ्या पुढे गेले, भावजी. एकदा मला पुढे जायचंय."

इंजिन त्याने जीव ओतून नीट केलं, पण नव्या टायरांना पैसे उरले नाहीत.

"हे टायर पंधरा फेऱ्या टिकले तर मिशी काढीन!"

"मग वस्तरा आणा सोबत."

शर्यत सुटताच सगळे तिला मागे टाकून गेले. प्रत्येक वळणावर ते करकचून ब्रेक दाबत होते. वहिनी मात्र मागे अंड्यांचे ट्रे रचलेले असावेत, तशी अलगद वळत होती. दिराला पाहवेना.

दहाव्या फेरीनंतर पुढच्यांचे टायर झिजून घसरू लागले. ती एकेकाला गाठत गेली. शेवटच्या वळणावर सगळ्यांत पुढे असलेली लाल गाडी बाहेर फेकली गेली आणि वहिनी आतल्या बाजूने, या वेळी स्वतः हॉर्न वाजवून, पहिली आली.

दीर धावतच आला. त्याने टायर चाचपले.

"वहिनी, अजून पाच फेऱ्या निघाल्या असत्या की हो!"

"ते राहू द्या," हेल्मेट काढत ती म्हणाली, "वस्तरा कुठाय?"