मी सारवलेली एकच भिंत

शाळेची पायरी मी दोनदा चढलो. एकदा मत द्यायला, एकदा पत्रे बसवायला. आन् तरी बी माझ्या गोठ्यात संशोधन झालं. ते बुडवायला निघालो तो बी मीच.

तवा गावात मोबाईल न्हवता. टमाट्याची खोकी जीपमधनं नारायणगावला जायची. पुण्याहून एक ताई यायच्या, रानातल्या माश्यांचा अभ्यास करायला. मधमाशी न्हवं, पोटावर निळे पट्टे असलेली, एकटीच राहणारी. ताई म्हणायच्या, ही माशी टमाट्याच्या फुलाला लटकती आन् अंग थरथरवून फूल झाडती. मग पूड पडती आन् फळ धरतं. मी आपला समजत व्हतो, टमाटे माझ्यामुळं येत्यात.

ह्या माश्यांची घरं माझ्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीत. पेन्सिल जाईल येवढी भोकं. ताईंनी वर्षभर राबून एकेका भोकाशेजारी टाचणीनं रंगीत कागद लावला, कोणती माशी कुठं राहती ते भिंतीतल्या खुंटीपासनं मापून वहीत लिहिलं. आता त्यांचे सर भिंत बघायला येणार व्हते. त्यांना पटलं तर काम पुढं, न्हाईतर वरीस पाण्यात.

"उद्या सर येणारेत, भाऊ. सगळं नीट असू द्या हं," ताई म्हणाल्या आन् गेल्या.

आमच्याकडं पावणा येणार म्हणल्यावर नीट म्हंजी काय? मालकीण मंचरला माहेरी गेलेली, न्हाईतर तिनं हात धरला असता. जन्मात मी शेणाला बोट लावलं न्हवतं. त्या दुपारी मातीत शेण कालवलं आन् भिंत वरपास्नं खालपतुर सारवून काढली. आधी टाचण्या उपटून वाटीत ठेवल्या, सायबाच्या बोटाला टोचू नयेत म्हणून. येवढी अक्कल हाय मला. रानातनं परतलेल्या माश्या माझ्या डोक्याभोवती गुणगुणत व्हत्या. मला वाटलं, भिंत आवडली.

सकाळी ताई सरांना घेऊन आल्या. मी वाटी पुढं केली. "घ्या ताई, मोजून घ्या. एक बी हरवली न्हाई."

"भाऊ, माझी भोकं कुठं गेली?"

"बुजवली की! सरांना काय भोकं दाखवायची व्हय?"

ताई मटकन दगडावर बसल्या. रडल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. तवा कळलं, मी काय सारवलं ते.

सर वयस्कर माणूस. खोकं उलटं करून भिंतीसमोर बसले. "गप्प बसा सगळे. बघू या."

ऊन भिंतीवर आलं. एक माशी आली. इकडं फिरली, तिकडं फिरली, एका जागी बसली आन् तोंडानं माती कुरतडायला लागली. ताईंनी घाईनं वही उघडली, खुंटीपासनं टेप लावली.

"सर, हिचंच घर! इथंच होतं!"

मग दुसरी आली. पण लई जणी आल्याच न्हाईत. त्यांची भोकं वहीतल्या मापानं हुडकली. ताई माप सांगायच्या, मी बाभळीच्या काट्यानं उकरायचो.

"हळू, भाऊ. आत पिल्लं आहेत."

दिवस मावळला तवा कुठं माझं नाक भिंतीपासनं सुटलं. सर ताईंना म्हणाले, "वही पक्की आहे. काम पुढं चालू द्या." मग माझ्याकडं वळले, "आणि तुम्ही, पाहुणे आले की नुसता चहा करा."

काही घरं कायमची रिकामी राहिली. ताईंनी वहीत त्याचं कारण लिहिलं आन् मला वाचून दाखवलं: 'भाऊंनी सारवलं.'

मालकीण आली, तिनं भिंत बघितली. "अवो, जन्मात एक भिंत सारवली, ती बी काट्यानं उकरून ठेवली?"

दोन वर्सांनी पोरीचं लग्न निघालं. सगळं घर लख्ख झालं आन् मालकीण शेणाची पाटी घेऊन गोठ्याकडं निघाली. मी भिंतीला पाठ लावून हात पसरून उभा राहिलो.

"सरका! सोयरं काय म्हणतील?"

"म्हणू दे. मी चहा करतो."

माश्या घरी परतत व्हत्या. एक माझ्या कानाला धडकली, एक मानेला. वाटेत मीच उभा व्हतो ना. पण मालकीण पाटी खाली ठेवीपतुर काय मी हललो न्हाई.