पहूरची सभा

दारू सोडलेल्या माणसांच्या मंडळाची वेबसाइट एक गृहस्थ माझ्या जळगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून सांभाळत. दर सोमवारी यायचे आणि एका बोटाने सभांचे पत्ते टाइप करायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, कारण नाव त्यांनी कधी सांगितलंच नाही. "खाली तुमचं नाव टाकू?" असं विचारलं, तर म्हणाले, "नको. ओळखीचं नाव दिसलं का माणूस यायले लाजतो."

एकदा पुण्याहून एका मुलीचा ईमेल आला. तिचे वडील पहूरला एकटे राहत, आणि त्यांची दारू सुटत नव्हती. भाऊंनी तो दोनदा वाचला, पत्ता लिहून घेतला आणि थेट बसस्टँड गाठलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी सभांच्या यादीत पहूर जोडलं.

"किती जण आले?" मी विचारलं.

"दोन. ते आन् मी."