खिडकीपाशी बसलेली बॅग

बोर्निओ बेटावरच्या मिरी शहरात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत, लुगूनचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस तसा गरीब स्वभावाचा. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तरी हसून दुसरा फोटो काढून देईल. पण त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेला नुसता हात लावून बघा! चर्चमध्ये बॅग दोन पायांच्या मध्ये, खाणावळीत मांडीवर, आणि विमानतळावर शौचालयात जातानासुद्धा गळ्यात. तपासणीच्या यंत्रातून बॅग जाते तेवढा वेळ तो असा उभा राहतो, की जणू पोटच्या पोराचं ऑपरेशन चाललंय.

लग्नाच्या कामांना तो कुचिंग, कोटा किनाबालू अशा दूरच्या शहरांना विमानाने जातो. त्या मोठ्या विमानांत हातातल्या सामानाचं वजन करतात, माणसाचं करत नाहीत. म्हणून त्याने मासे पकडणाऱ्यांचं खिसेच खिसे असलेलं एक जाकीट घेतलं होतं. लेन्स खिशांत, बॅटऱ्या खिशांत, आणि हातात हलकीफुलकी बॅग. उरलेल्या वस्तू बायकोच्या जाकिटात. सुपांग कामाला बरोबर असायचीच. तीस वर्षं ती त्याच्या मागे उभी राहून पट्टे धरत आली, लेन्स हातात देत आली. 'डावीकडची' म्हटलं की तिला कळायचं.

पण डोंगरातल्या बारिओ गावाला जाणाऱ्या छोट्या विमानापुढे ही हुशारी चालत नाही. तिथे माणूसच काट्यावर उभा करतात, हातातल्या बॅगेसकट. खिशात हत्ती लपवलात तरी काटा सांगणार.

आणि लुगूनला या वेळी बारिओलाच जायचं होतं. मुलगी रोझलिन तिथल्या शाळेत शिकवते. तिला पहिलं मूल झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी इराउचा समारंभ होता. त्यांच्या केलाबित जमातीत पहिलं मूल झालं की आईबाप आपली जुनी नावं टाकून नवी घेतात, आणि त्यांच्याबरोबर आजीआजोबाही. सगळ्या गावासमोर उभं राहायचं, नाव पुकारलं जायचं, आणि त्यानंतर जुन्या नावाने हाक मारणाऱ्याला गाव हसायचं. दुसऱ्या दिवशी लुगूनचं नाव जाणार होतं, सुपांगचंही.

सकाळपासून त्याची नुसती चुळबुळ चालली होती. डोंगरावर दुपारी ढग उतरले की विमान जात नाही, हे बारिओच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो खिडकीशी जाऊन आभाळ बघे, परत येऊन बॅटऱ्या मोजे, परत खिडकीशी.

"अरे, बस की जरा!" सुपांग म्हणाली. "तू बघितल्याने ढग घाबरून पळणार आहेत का?"

"जाकीट घाल तू. ही लेन्स खिशात ठेव."

"त्या विमानाला माणसाचं वजन करतात, रोझलिनच्या बापा. माझ्या खिशात ठेवलंस तरी वजन माझ्यात धरणार."

"ठेव गं. बॅगेत दाटी होते."

तिने ठेवली. त्याची सगळ्यात लाडकी लेन्स होती ती, चेहऱ्यांसाठीची.

विमानतळावर काट्यापाशी बुलान होती. नात्याने लुगूनच्या चुलतभावाची सून, पण काट्यापाशी ती कुणाची सून नसते. विमानाने जाणारा जवळजवळ प्रत्येक जण इराउला निघाला होता. म्हातारे आगानकाका गोठवलेल्या कोंबड्यांचा डबा पोटाशी धरून काट्यावर चढले.

"काका, कोंबड्या धरून पंच्याऐंशी!"

"कोंबड्यांचं सांग, माझं कशाला ओरडतेस?" काका म्हणाले. "गावात मुलगी बघायला चाललो नाहीये मी."

रांगेत हशा पिकला. लुगून हसला नाही. तो बुलानच्या कपाळावरची आठी बघत होता. ती बेरीज करून पायलटशी बोलून आली आणि थेट त्याच्याकडेच वळली.

"लुगूनकाका, बारा किलो जास्त होतंय. डोंगरावर हवा बरी नाही, पायलटला परत फिरण्यापुरतं इंधन बरोबर हवंय. तुमची बॅग सोळा किलोची आहे. ती ठेवा. उद्याच्या विमानाने पाठवते."

"बॅग माझ्याबरोबर येणार."

"काका, मी काही तुमची बॅग खाणार नाही."

"बॅग माझ्याबरोबर येणार," लुगून पुन्हा म्हणाला, आणि त्याने पट्टा मनगटाला गुंडाळला.

त्याला वेड लागलं होतं असं कुणी म्हणू नये. दुधाने तोंड पोळलेला माणूस होता तो. काही वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाच्या पहिल्या मुलाचा इराउ होता. आईला त्या दिवशी पुन्हा एक नवं नाव मिळायचं होतं. तेव्हाही विमान जड झालं, तेव्हाही काट्यावरचा माणूस म्हणाला, 'उद्या पाठवतो,' आणि लुगूनने भाबडेपणाने बॅग सोडली. मग ढग उतरले आणि उतरलेच. बॅग आली तेव्हा मांडव सोडून झाला होता. त्याच वर्षी आई गेली. तिचा एकच फोटो त्याच्याकडे उरला आहे, ओळखपत्रावरचा, चोराचा असावा तसा. गावातल्या सगळ्यांच्या आयांचे फोटो काढणाऱ्या लुगूनकडे स्वतःच्या आईचा फोटो नाही. हे दुःख तो कुणाला सांगत नाही, बॅग सोडत नाही एवढंच.

"मग माणसांपैकी कुणीतरी मागे राहा," बुलान म्हणाली. तिने घड्याळ बघितलं. "लवकर ठरवा. वर आभाळ भरायला लागलंय."

कोण राहणार मागे? आगानकाकांनी डबा आणखी घट्ट धरला.

"मी राहते," सुपांग म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने नवऱ्याकडे बघितलं, तो काय म्हणतो ते ऐकायला थांबली. लुगून बॅगेची चेन तपासत होता.

"बरं," तो म्हणाला. "तू उद्याच्या विमानाने ये."

सुपांग रांगेतून बाजूला झाली.

पुढचं सगळं भराभर झालं. सामान चढलं, माणसं चढली. सुपांगची खिडकीजवळची जागा रिकामी राहिली होती. बुलानने तिथे बॅग ठेवली आणि वरून पट्टा आवळला. "बसा, बाईसाहेब," ती बॅगेला म्हणाली. लुगूनला टोमणा कळला, पण बॅग शेजारी आहे म्हटल्यावर त्याने तो गिळला. त्याला सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं. थोडा वेळ.

मग त्याने सवयीने मोजायला घेतलं. मोठा कॅमेरा, धाकटा कॅमेरा, रुंद लेन्स, लांब लेन्स, बॅटऱ्या. काहीतरी कमी होतं. त्याने खिसे चाचपले, पुन्हा बॅग चाचपली.

"थांबवा!" तो उठून उभा राहिला. "बुलान, थांबव विमान! माझी लेन्स राहिली!"

दार लावायला निघालेली बुलान थबकली. "कुठे राहिली?"

"सुपांगच्या खिशात!"

मागच्या आसनावरून आगानकाकांचा खरखरीत आवाज आला. "लेन्स राहिली म्हणतोस?"

लुगूनने मागे बघितलंच नाही. बुलान थंडपणे म्हणाली, "एवढंच ना. काढून घेते तिच्या खिशातून. उद्याच्या विमानाने पाठवते."

उद्याच्या.

लुगून उभाच राहिला. त्याला तो शब्द माहीत होता. त्या शब्दाने त्याचं काय केलं होतं तेही माहीत होतं. आणि थोड्या वेळापूर्वी, चेन तपासता तपासता, हाच शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने बायकोला सांगितला होता. उद्या ढग हटले नाहीत तर? रोझलिन बाळ घेऊन उभी राहील, गाव गोळा होईल, आजीचं नाव पुकारलं जाईल, आणि पुढे कुणीच येणार नाही. कॅमेरे मात्र सगळे असतील.

त्याने खिडकीकडे बघितलं. खिडकी बॅगेने अडवली होती. बॅगेवरून वाकून त्याला बाहेर बघावं लागलं. सुपांग इमारतीच्या सावलीत उभी होती, जाकिटाच्या खिशात हात घालून. हात हलवत नव्हती.

"बॅग उतरव," तो म्हणाला.

"काय?"

"बॅग उतरव आणि तिला आण. सोळा किलो आहे. तुला बाराच हवेत."

"काका, नक्की ना? नंतर माझ्या नावाने बोंब माराल."

"अगं उतरव म्हणतोय ना!" त्याने स्वतःच पट्टा सोडला. बॅग तिच्या हातात देताना त्याची बोटं क्षणभर सुटेनात, आणि मग सुटली.

सुपांग आली ती तणतणतच. "आता काय विसरलास? मी काय तुझं गाठोडं आहे, खाली ठेव, वर ठेव?" ती खिडकीशी बसली, पट्टा बांधला, आणि खिशातून लेन्स काढून त्याच्या हातावर आपटली. "घे तुझी लाडकी! कॅमेरा कुठेय?"

"खाली."

ती बाहेर बघत राहिली. काट्याशेजारी बाकावर बॅग एकटी होती. विमान उडाल्यावर तिने त्याच्या मांडीवर हात ठेवला. त्याची मांडी सारखी हलत होती, ती थांबवायला.

बारिओला पोचले आणि मागून ढग उतरले. दुसऱ्या दिवशी विमान आलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

इराउला लुगूनच्या हातांना काम नव्हतं. पानात बांधलेला मऊ भात खातानाही त्याचे हात शिवशिवत होते. उजेड छान पडला की तो कळवळायचा, कुणाचा चेहरा खुलला की उठायला बघायचा. शेवटी तो कॅमेऱ्याविना नुसती लेन्सच मुठीत धरून बसला. नाव पुकारलं गेलं तेव्हा तसाच पुढे गेला, सुपांगच्या खांद्याला खांदा लावून. गावाने टाळ्या वाजवल्या, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल होता.

ते फोटो नंतर त्याला मिळाले. सगळे वाकडे. एकात त्याचे डोळे मिटलेले, एकात आगानकाकांचा अंगठा. सगळ्यांत त्याची मूठ लेन्सवर आवळलेली. आणि सगळ्यांत सुपांग सरळ समोर बघते आहे, नाव नुकतंच मिळालेल्या बाईसारखी, जरा लाजून, जरा ऐटीत.

मिरीत गिऱ्हाइकांना दोघांची जुनीच नावं ठाऊक; तिथे परतल्यावर त्याने जुने अल्बम उघडले. तीस वर्षांत सुपांगचा असा एकही फोटो त्याला सापडला नाही. कुठे कोपर होतं, कुठे खांदा, खांद्यावर बॅगेचा पट्टा. आईचा फोटो तरी ढगांनी हिरावला होता. हे त्याचं त्यानेच केलं होतं. तो अल्बम मांडीवर घेऊन रडला आणि सुपांगने त्याला रडू दिलं.

तो वाकडा, अंगठा आलेला फोटो त्याने मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला आहे. येणारी गिऱ्हाइकं बिचकतात. फोटोवाल्याच्या दुकानात असला फोटो? बॅग आता कोपऱ्यात फळीवर असते. अजूनही कुणी हात लावला तर तो ओरडतो. माणूस एका विमानप्रवासात बदलत नाही.

सुपांगचा मात्र एक छळ चालू आहे. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांदेखत, ती विचारते, "खरं सांग, तू विमान माझ्यासाठी थांबवलंस, की लेन्ससाठी?"

लुगूनला खोटं बोलता येत नाही. "थांबवलं लेन्ससाठी," तो मान खाली घालून म्हणतो. "बॅग उतरवली तुझ्यासाठी."