ताळेबंदातले तीन रुपये

वार्षिक हिशेबात लाभांश कुठे आणि कसा दाखवायचा, यावरून माझं आणि मायचं एकदा बिनसलं होतं, असं सांगितलं तर आजचे हिशेबतज्ज्ञ हसतील. खरं म्हणजे बिनसलं नाही. बिनसलं असतं तर बरं झालं असतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्टेशनच्या अंगाला एक जिनिंग-प्रेसिंग कंपनी होती. माय तिथे कापूस निवडायची आणि बी.कॉम. होऊन मी तिथेच हिशेबनीस म्हणून लागलो. ती मागच्या फाटकानं आत यायची, मी पुढच्या. आमच्या बौद्ध वस्तीतल्या तीसेक बाया तिच्यासोबत असायच्या. त्यातल्या कुणी मला दुपारी ऑफिसात खुर्चीवर बसलेलं पाहिलं की घरी जाऊन मायला सांगायची, आणि माय जणू काही नवीनच असल्यासारखं ऐकायची.

या बाया कंपनीच्या भागधारक होत्या. झालं असं होतं की, पहिल्याच हंगामात शेवटच्या महिन्याची मजुरी द्यायला कंपनीकडे पैसा उरला नाही. तेव्हा अध्यक्षांनी मजुरीच्या ऐवजी दहा-दहा रुपयांचे पाच-पाच शेअर बायांच्या हाती ठेवले आणि तुम्ही आता मालक झालात, असं सांगितलं. मजुरी बुडाली ती बुडालीच. पुढे कैक वर्षं कंपनीनं एक पैसा लाभांश दिला नाही. माय तो कागद पेटीत जपून ठेवायची आणि स्वतःचीच थट्टा करायची, की मालकीणबाईले उद्या सात वाजता कामावर हजर व्हायचं हाये.

मी लागल्यावर दुसऱ्या वर्षी कंपनीला बरा नफा झाला. संचालकांनी सहा टक्के लाभांशाची शिफारस केली. वर्ष मार्चअखेर संपायचं, शिफारस त्यानंतर व्हायची, आणि भागधारकांची सभा ती मंजूर करायची भादव्यात. म्हणजे एकतीस मार्चला हा पैसा कुणाचंच देणं नसायचं. तरीही त्या काळच्या कायद्यानं तो मार्चच्याच ताळेबंदात, देण्याच्या बाजूला, तरतूद म्हणून दाखवावा लागे. हल्ली म्हणे ती पद्धत गेली, आता नुसती टीप देतात. अकोल्याहून येणारे आमचे ऑडिटर त्या ओळीपाशी आले की चष्मा पुसत म्हणायचे, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. सभेला ही रक्कम वाढवता येत नाही, पण कमी करता येते, शून्यही करता येते, हे त्यांनीच मला नीट समजावलं होतं.

मला ते समजलं होतं. तरी छापील अहवाल टपालानं घरी आला तेव्हा माझी जीभ सैल सुटली. मायच्या नावानं आलेलं ते पहिलं टपाल. तिनं हात धुऊन, पदराला पुसून पाकीट घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी बोट ठेवून दाखवलं, हे बघ, लाभांश. तुझ्या वाट्याचे तीन रुपये.

"लिहून ठेवले हायेत?" तिनं विचारलं.

"मीच लिहिले," मी म्हणालो.

इथे चूक झाली, आणि ती तिची नव्हती. मायनं जन्मभर एकच पुस्तक पाहिलं होतं, ते हजेरीचं. त्यात लिहिलं म्हणजे काम झालेलं आणि मजुरी पक्की. न झालेलं काम हजेरीत कुणी लिहीत नाही. तेव्हा जे अजून द्यायचं ठरलंच नाही ते कुणी पुस्तकात लिहून ठेवत असेल, हे तिच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. मला ते सांगता आलं असतं. पण तिचा चेहरा इतका खुलला होता, की मी पाकीट तसंच तिच्या हाती परत दिलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीभर झालं. तीस बायांचे नव्वद रुपये. त्यातून विहारासाठी जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, भात शिजवायचा मोठा गंज घ्यायचा, असं बायांनी ठरवलं. आमच्याकडे लग्नकार्य निघालं की भांडी भाड्यानं आणावी लागत. भाडं रोख घेऊनही दुकानदार आम्हाला एक वेगळा ठेवलेला, बुडाशी चेपलेला गंज द्यायचा, आणि दुसरा मागितला तर ऐकू न आल्यासारखं करायचा. त्या गंजावरून वस्तीतल्या कितीतरी जणी मनातल्या मनात जळत होत्या. आता आपला गंज येणार म्हणून त्यांनी भांड्याच्या दुकानात जाऊन, बोटांनी वाजवून, एक पसंतही करून ठेवला.

जेठ महिन्यात गाठी बांधायच्या प्रेसचा मुख्य दांडा तुटला.

सभा झाली ती कापसाच्या रिकाम्या गोदामात. पुढे शेतकरी भागधारक बसले, मागे आमच्या बाया. बाया सभेला येण्याची ती पहिलीच वेळ. मी अध्यक्षांच्या बाजूला वह्या घेऊन बसलो होतो. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, पण हातातून पैसा सुटला की त्यांच्या पोटात दुखायचं. त्यांनी प्रेसची हकीकत सांगितली, दुरुस्ती झाली नाही तर हंगाम उघडणार नाही असं म्हणाले, आणि यंदा लाभांश देऊ नये अशी सूचना मांडली. पुढचे शेतकरी कुजबुजू लागले. मागून माय उभी राहिली.

"पुस्तकात लिहेल हाये नं आमचं?"

अध्यक्षांनी शांतपणे समजावलं, की लिहिलं आहे, पण तुम्ही सगळ्यांनी मंजूर केल्याशिवाय ते तुमचं होत नाही. मायनं ते ऐकून घेतलं. मग ती त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे वळली.

"बाबू, दोन्हीले पुरत नाही का पैसा?"

पुरत होता. बँकेतली शिल्लक मला तोंडपाठ होती. दांडा बसवून, लाभांश वाटून, थोडी ओढाताण झाली असती, इतकंच. गोदामातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अध्यक्षही माझ्याकडे पाहत होते. मी अजून कायम झालेलो नव्हतो. त्या ऑफिसात खुर्चीवर बसणारा वस्तीतला मी पहिलाच होतो, आणि ती खुर्ची मला घालवायची नव्हती.

"ते संचालक मंडळानं पाहायचं असतं," मी म्हणालो.

वाक्य बिनचूक होतं. मायनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. आपलं पोर मधात, वह्यांपाशी बसलं आहे, पैसा असता तर त्यानं सांगितलंच असतं, असा तिनं अर्थ लावला. ती मागे वळून बायांना म्हणाली, "नाही पुरत. प्रेस चालू नाही झाला तं काम कुठचं? करा हात वर." आणि तिनं पहिला हात वर केला. तीसच्या तीस हात वर झाले. मग शेतकऱ्यांचेही झाले. मी मोजले आणि ठराव लिहून घेतला. पुढच्या वर्षीच्या हिशेबात ती तरतूद मीच नफ्याकडे परत फिरवली.

गंज दोन वर्षांनी आला, तेव्हाच्या लाभांशातून. त्या वेळी सभेत मंजुरी होईपर्यंत मी घरी अवाक्षर काढलं नाही. आणि मायला ते तीन रुपये गेल्याचं दुःख कधी झालंच नाही. उलट तेव्हापासून तिची मालकीणबाईची थट्टा बंद झाली. दिवाळीनंतर हंगाम उघडून प्रेस धडधडायला लागला की ती कामावर आलेल्या नव्या पोरींना थांबवून सांगायची, "हा प्रेस आमच्या तीन-तीन रुपयानं चालू झाला. खोटं वाटते तं पुसा माह्या पोराले."

पोरी ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारायच्या. माय मागे उभी असायची. मी हो म्हणायचो.